हिरवी वही

नऊ चाळीसला पडद्यावरचं चक्र थांबलं.
थांबलं म्हणजे फिरतच राहिलं,
आमच्याकडे त्यालाच थांबणं म्हणतात.

जानोरीच्या डेपोत अकरा कंटेनर,
पोटात द्राक्षं, अर्ध्या अंशाच्या थंडीत निजलेली,
बाहेर जेनसेटची एकसुरी घरघर.
न्हावा-शेव्याचं जहाज उद्या दुपारी दोनला दार लावणार.
ड्रायव्हर तांबोळी खिडकीशी येऊन म्हणाला,
"मॅडम, नेट गेलं म्हणजे रस्ता पण गेला का?"

परिपत्रक, कलम चौथं:
यंत्रणा एक तासाहून अधिक काळ बंद राहिल्यास
कागद चालेल.
मी घड्याळाकडे बघत बसले.
दहा चाळीस होईपर्यंत
पेनाचं टोपण काढलं नाही.

आणि मग कपाटाची किल्लीच सापडेना.
खैरनारसाहेबांना सटाण्याला फोन लावला.
निवृत्त माणसाची झोप पातळ,
पहिल्याच घंटीला उचलला.
"वाघचौरे, किल्ली डब्यात. साखरेच्या नाही, चहाच्या.
शिक्का आधी रद्दीवर मारून बघ, शाई सुकली असेल.
कार्बन उलटा घालू नकोस, मी दोनदा घातलाय."
जरा थांबून, "गाड्या किती?"
अकरा म्हटल्यावर
पलीकडे दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.

वही हिरवी, कोपरे उंदरानं चाखलेले.
पावती क्रमांक, सील क्रमांक, गाडी, माल, वेळ, सही.
कार्बनवर जोर देऊन लिहिताना
हाताला आपलंच अक्षर अनोळखी वाटलं,
इतक्या वर्षांनी.

तीन प्रती.
पहिली आपली, दुसरी बंदराची,
तिसरी ड्रायव्हरची, सगळ्यात फिकी.
ज्यानं रात्रभर ती वाटेत दाखवत जायचं
त्याच्याच हातात सगळ्यात पुसट अक्षरं,
हे मला आजच दिसलं.
तांबोळीच्या प्रतीवर सीलचा नंबर
मी पेनानं पुन्हा गिरवला.
गिरवण्याची तरतूद नाही.

शेवटची गाडी त्याची. बारा पन्नासला फाटकाबाहेर.

तीन बाराला यंत्रणा परत आली,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
खरं काम आता:
कागदावरचं सगळं पुन्हा आत घालायचं,
नवा नंबर पडला की जुना रद्द,
नाहीतर एकच माल दोनदा निघतो
आणि पोचतो एकदाच.
रद्द म्हणजे एक तिरकी रेघ.
"खोड, पण खालचं वाचता आलं पाहिजे,"
खैरनार प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे,
मलाही सांगितलं होतं,
तेव्हा वाटलं होतं, मग खोडायचं कशाला.

निघाल्याची वेळ टाकली, बारा पन्नास.
चौकट लाल झाली. मागची वेळ चालत नाही.
शेवटी तीन एकवीस टाकली.
म्हणजे यंत्राच्या लेखी तांबोळी अजून फाटकातच,
फडक्यानं आरसा पुसत उभा,
आणि दुसरा तांबोळी कसारा घाटाच्या उतारावर,
दुसऱ्या गिअरमध्ये, खिशात ती फिकी प्रत.
दोघांमधले अडीच तास
मी शेऱ्याच्या रकान्यात बसवले.
रकाना दोन बोटं रुंद.

वहीच्या शेवटच्या पानावर
यंत्रणा बंद पडल्याच्या तारखा, खैरनारांच्या अक्षरात.
एकीपुढे लिहिलंय:
"कारण कळले नाही. चहाही संपला होता."
त्याखाली मी आजची तारीख घातली.
किल्ली डब्यात टाकली. चहाच्या.

साडेआठला बंदरावरून निरोप,
सील शाबूत, नंबर जुळला.
कुठला नंबर, मी विचारलं.
"तो गिरवलेला. बाकीचं काही वाचता येत नव्हतं."

मग सटाण्याचा फोन.
"पोचल्या?"
"दहा."
"अकरावी?"
"इगतपुरीला टायर बसला. निघालीय आता."
"बरं," ते म्हणाले,
"मग शाईच्या पॅडला झाकण लाव."