सव्वीसचा महिना

ठाण्याला कोर्ट नाक्यावर माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, शेजारी झेरॉक्सवाला.
मशीनवर 'ळ' अडकतो, दरवेळी नखानं सोडवायचा.

बाई मार्चच्या दुपारी आली.
आर्कांजला मिंगेल कोरिया, वय एकसष्ट,
बाळकुमच्या पुढचं गावठाण,
संत मार्थाचं देऊळ. ती देऊळच म्हणाली.
मी देऊळ टाइप केलं, मग खोडून चर्च.

काम?
"पहाटेची घंटा. फुलं, मेणबत्त्या, फादरांचे झगे.
वेदीच्या कापडावरचं मेण
कागद ठेवून इस्त्रीनं काढायचं.
कुणी गेलं तर वेगळी घंटा.
पगार नव्हता हां. मानधन."
मी 'वेतन' लिहिलं.
तिनं कागदाकडे पाहिलं,
तिचं आडनाव चुकवल्यासारखं.

नेमणूकपत्र?
"तेव्हाच्या फादरांनी किल्ली दिली. म्हणाले, सांभाळ.
सेवेला कागद कशाला?"
आणि थांबवलं कधी?
"नाताळानंतर. शाल दिली, केक कापला."

रजा घ्यायचात का कधी?
"बाप गेला तेव्हा मागितली.
झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस.
म्हणाले, झावळ्या कोण बांधणार?
अर्धा दिवस मिळाला.
बापाची घंटा मीच वाजवली,
माती दिली, परत येऊन झावळ्या."

मी हात थांबवले. 'ळ' अडकला म्हणून नव्हे.
बाई, जिथं रजा मागावी लागते
आणि अर्धीच मिळते,
त्याला कायदा नोकरी म्हणतो.
हाच लिहू या पुरावा.

विषय टाकला: उपदान मिळण्याबाबत.
ती चपापली. "दान नको मला.
चोवीस वर्षं दानपेटी मी उघडलीय,
दान कसं खुळखुळतं ते ठाऊक आहे."
म्हटलं, ग्रॅच्युइटीचं सरकारी मराठी आहे हे.
नावात दान, पण हक्क.
"मग नाव कुणी ठेवलं असं?"
तीस वर्षं इथं बसतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचं वेतन सहा हजार पाचशे,
भागिले सव्वीस, गुणिले पंधरा,
गुणिले वर्षं चोवीस. नव्वद हजार.
"सव्वीस कसे? महिना तर तीसचा."
कायदा रविवार धरत नाही.
"रविवार?"
आणि ती हसत सुटली,
पदर तोंडाला लावून, खांदे गदगदवत,
झेरॉक्सवाला यंत्र थांबवून बघायला लागला.
"अहो, चार मिस्सा, वर दोन बाप्तिस्मे.
रविवारी मी टेकायचेसुद्धा नाही.
आणि तोच धरत नाहीत!"
डोळे पुसले. मग सही केली,
शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर सुटं.

तीन प्रती. विश्वस्तांना एक द्या,
दुसरीवर पोच घ्या. शिक्क्याशिवाय निघू नका.

"शिक्का खालच्या खणात असतो,"
प्रती पिशवीत सरकवत ती म्हणाली.
"पण पॅड वाळलं असेल आता.
शाई मीच घालायचे ना."