फटकी

नांदच्या फाट्यावर मिरचीचा सातरा.
दोनशे बाया, नाकावर पदर,
खोकला एकीकडून उठतो, दुसरीकडं बसतो.
टिनाच्या खोलीत मी, पोत्यावर लॅपटॉप.

गुरनुले मालक म्हणाले, मंडप लहान पडून रायला.
दिवसाला आठ किलोच्या खाली देठं खुडतात
त्या बाया वेगळ्या काढून दे.

सोपं होतं. फिल्टर.
त्याच्या हाती यादी द्यायची, आणि एक छोटं फंक्शन,
जे स्वतः कुठं जात नाही.
एकेक नाव आणा, मला हाक मारा,
मी हो म्हणेन किंवा नाही.
ढिगाशी त्याला घेणंदेणं नसतं.
समोर एकच ओळ: नाव, किलो.

चालवलं. रिकामा कंस.
पुन्हा चालवलं.
दोनशेतली एकही नाही.

पंचफुला नन्नावरे पाणी प्यायला दारात आली,
जळत्या बोटांना खोबरेल चोपडलेलं.
"काय अडलं बाप्पा?"
सांगितलं: सगळ्यायले पाह्यते, निवडत कोणालेच नाई.
ती हसली, मग खोकलीच बराच वेळ.
"नवी पोरगी बसते ना आमच्यात, तशी गत.
मिरची उलटीपालटी करते,
फटकी का लाल, मनात समजते बरोबर,
पन सांगत नाई. टोपलं रिकामंच रायते."

पाहिलं. तुलना होती, आठशी.
रिटर्न नव्हता.
दोनशे जणी एकामागून एक
माझ्या फंक्शनच्या दारात येऊन गेल्या होत्या
आणि ते बघून गप्प बसलं होतं.
गप्प म्हणजे नाही, असं मशीन समजतं.

एक शब्द टाकला.
एकतीस नावं आली.
अकरावं वाचलं तेव्हा ती अजून
गिलास माठावर उपडा ठेवत होती.
सात किलो सहाशे.

मूळ यादीला फिल्टर हात लावत नाही, हे खरं.
दोनशे तिथं दोनशेच.
नवी यादी बाजूला जन्मते,
आणि मालक वाचतात ती नवी.

तो शब्द खोडून पाहिला. रिकामा कंस.
परत टाकला.
बाहेर फटकीचं पोतं शिवून झालं होतं,
तिच्यालाही भाव असतो, पावडरवाल्यांकडं.

फोन वाजला. "झाली का गा यादी?"
आता हाक मला होती,
एकाच ओळीसाठी.
मी पाहिलं. बोललो नाही.
"बरं बरं," मालक म्हणाले, "धाडून दे मंग."

गप्प म्हणजे हो,
असं मालक समजतात.