अंगठ्याखालचं उत्तर

प्रश्न दोनशे बारा. वाचायच्या आधीच मला माहीत असतं: सी.
का सी, ते विचारू नका.
पान डावीकडचं, वर चहाचा डाग,
डागाच्या खाली सी. एवढंच.

पार्श्व बेदमुथा मेटिऑरॉलॉजीत एक्क्याण्णव मिळवून बसलाय.
म्हणतो, पाठ कर गं, समजून काय करायचंय,
तेच तेच प्रश्न फिरून येतात.

सिडकोत, रात्री साडेदहाला,
बाबा पुस्तक हातात घेतात.
चष्मा कपाळावर, उत्तरावर अंगठा.
तीस वर्षं ओझरला पंखांवर रिवेट मारून
पसरट झालेला अंगठा,
त्याच्याखाली चारी पर्याय झाकले जातात.
"बाबा, ऑप्शन तरी दिसू द्या."
"वर गेल्यावर कोण दाखवणारे?"

इंग्रजीत अडखळतात, मग प्रश्न स्वतःच्या भाषेत उतरवतात:
"समज, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालीस
आणि आल्टिमीटरची खुंटी फिरवायची राहिली.
तर तू आहेस कुठे?"
खाली. काटा दाखवतो त्याच्यापेक्षा खाली.
"किती?"
एका हेक्टोपास्कलला तीस फूट.
"आणि दहा विसरलीस तर?"
तीनशे.
"म्हणजे रामशेजवर."
आतून आई म्हणते, झोपा आता, रामशेज उद्या बघा.

मग चारशे अठरा आला.
कंट्रोल सरफेसचं मास बॅलन्स कुठे असतं?
मी: बी. बिजागरीच्या मागे.
बाबांनी अंगठा उचलला, की बघितली,
कीतही बीच होतं.
"छापणारा चुकलाय."
बाबा, मी हे चाळीस वेळा सोडवलंय.
"मी हे हाताने बसवलंय."

उठले. माझी फूटपट्टी घेतली,
तिच्या कडेला सेलोटेपने पुठ्ठ्याची पट्टी डकवली,
समोर टेबलफॅन लावला.
पट्टी फडफडायला लागली,
अशी, की टेप सुटेल.
फ्रीजमधून कणकेचा गोळा आणला,
दोन टूथपिक पट्टीतून पुढे काढल्या,
बिजागरीच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडाशी,
टोकांना कणीक चिकटवली.
थोडी कमी केली. थोडी वाढवली.
पट्टी शांत झाली.

फॅन चालूच होता.
आम्ही दोघं बघत बसलो.
ज्या विमानांना त्यांनी हे बसवलं
त्यातल्या एकातही ते बसलेले नाहीत,
हे मला तेव्हाच का आठवावं.

मग परीक्षेत काय लिहू? कीतलं की हे?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"परीक्षेचं तू बघ.
विमानात वजन पुढेच ठेव."

पहाटे साडेपाचला अभ्यासिकेकडे निघाले.
रात्रभर आकाश निरभ्र, वारा नाही, जमीन ओली,
आणि द्वारका चौकात उड्डाणपूल अर्धाच.
रिक्षावाला हातानेच काच पुसत होता.
रेडिएशन फॉग, मी मनात म्हटलं,
आणि मग लक्षात आलं,
ए होतं की डी, आठवतच नाहीये.

अभ्यासिकेत पुस्तक उघडलं.
चारशे अठराच्या समासात
कणकेचा ठिपका वाळून कडक झालेला.
नखाने काढायला गेले, राहू दिला.
पान उजवीकडचं, कडेला कणीक.
हेही आता पाठ होणार.