भोकाची शिवराई

भूपाल, पहिली गोष्ट: घासू नकोस.
चिंच नको, लिंबू नको, राख तर नकोच.
तुझ्या वडिलांच्या डब्यातला तो काळा-हिरवा थर
जमायला दीडशे वर्षं लागली,
उतरवायला तुला एक रविवार पुरेल.

मी घासला होता. अंकुशी रुपया, चांदीचा.
लखलखीत करून फोटो चढवला
आणि इंदूरच्या कुणी खाली लिहिलं,
'कालच पाडलाय का?'
तेव्हापासून माझ्या नावापुढं एक लाल खूण आहे.
तीही घासून बघितली. जात नाही.

फोटो सकाळी काढ, उन्हाच्या कडेला,
यार्डात हळदीची पोती फुटायच्या आधी.
नंतर हवेत जी धूळ चढते
तिनं तांबंही सोन्यासारखं दिसतं,
आणि तसं दिसलं की गिऱ्हाईक येत नाही,
तक्रार येते.

एक रुपयापासून सुरुवात करू नकोस.
मी केली. एक रुपयालाच गेलं.
वर कुरिअरचे ऐंशी माझे.

वजन लिही, अंदाज नको.
चाळीस वर्षं मी या सांगलीचे काटे दुरुस्त केले,
कुठला काटा कुणाच्या बाजूनं बोलतो
ते आवाजावरून सांगतो,
पण हा लिलाव कुठल्या काट्यावर चालतो
ते काही कळलं नाही बघ.
सात दिवस कुणी फिरकत नाही.
शेवटच्या मिनिटाला तिघं उगवतात,
बारा सेकंदांत दोनशेचे नऊशे करतात,
मी आत चहा टाकायला सांगतो,
आणि जिंकलेला माणूस
पुन्हा कधी बोलतच नाही.
आपल्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबली
की सौदा पक्का.
निदान समोरच्याचा हात तरी गरम लागायचा.

रात्री साडेदहाला फोन येतील:
'काका, देवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, बारा लाखाला घेता?'
नाही म्हणायचं. रिक्षाला दे म्हणायचं.
आणि कुणी आधी नोंदणीची फी मागितली
तर काही न म्हणता ठेवायचा फोन.

दोष लपवू नकोस. पहिल्याच ओळीत लिही.
माझ्याकडं एक शिवराई होती, भोक पाडलेली,
आठ ग्रॅम सातशे मिली, भोक वजा जाऊन.
तीनदा लावली.
पहिल्यांदा घेणारा गायब.
दुसऱ्यांदा एकानं विचारलं, भोक बुजवून मिळेल का?
तिसऱ्यांदा एकच बोली, दोनशे अकरा.
पत्ता बघितला तर मिरज!
माझं नाणं आभाळात चढून
कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरून
सहा मैलांवर उतरलं होतं.

बाई स्वतःच आल्या, बसनं, कुरिअर वाचवायला.
सुगंधा आवळे. पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या.
पिशवीतून काळा दोरा काढला
आणि दुकानातच ओवून बघितला.
म्हणाल्या, नातीच्या करदोट्याला पाहिजे होती.
हल्लीची नाणी पोलादाची, सोनाराचं ड्रिल घसरतं.
तुमच्या त्या साइटवर महिनाभर शोधलं,
एकेकाचं नाणं बघावं,
तर कुणाच्याच नाण्याला भोक नाही.

मी काट्यावर ठेवून दाखवली.
त्यांनी काट्याकडं बघितलंच नाही,
अंगठ्यानं कड चाचपत होत्या,
बाळाला टोचेल का म्हणून.
मग दोनशे मोजले, दहाची नोट दिली,
आणि वरचा एक रुपया
बराच वेळ पर्समध्ये शोधला.
राहू दे म्हटलं, तर रागावल्या.

रात्री त्यांचा शेरा आला. चार तारे.
खाली: 'नाणे उत्तम. पिशवी दिली नाही.'

तेव्हा येताना गणपती पेठेतून
झिपच्या छोट्या पिशव्या घेऊन ये, शंभरएक.
आणि डबा जसा आहे तसा आण.
झाकण मी उघडीन.