अनुभव

रेराचा अर्ज कन्नडात.
नेट सेंटरातला बसू म्हणाला, अक्का,
मंडोळकर कसं लिहू, ळ जोडून की सुटा?
दोनदा खोडलं.
पॅन कार्डावर तिसरंच निघालं.

ऑफिसचा पत्ता: वडगाव,
माग विकून रिकामी झालेली खोली.
झाडलं तरी कोपऱ्यातून
अजून सुताची कूस निघते.

बाबांना लोक भरमादलाल म्हणायचे.
पाटी नाही, पावती नाही,
सायकलीच्या दांड्याला गुंडाळलेला टेप.
विकणाऱ्याशी मराठी, घेणाऱ्याशी कन्नड,
आणि भाव ठरायचा तो टॉवेलाखाली, बोटांनी.
तिथं कुठली भाषा हे कुणी विचारलं नाही.

अनुभव किती वर्षं?
शून्य, म्हटलं.
बसूनं शून्य टाकलं, एंटर मारलं.

येळ्ळूर रोडला रिक्षा वळली तेव्हा आठवलं:
शाळेला सुट्टी, मच्छ्याचं रान,
बाबा फिरकी सोडत लांब लांब जायचे,
जोंधळ्यापलीकडून नुसता आवाज यायचा,
‘धर की घट्ट! हलू नको बग!’
मी बांधावर उकिडवी,
टेपचं शून्य
माझ्या अंगठ्याखाली.

नंबर आला परवा. लांबलचक, मधे तिरक्या रेघा.
लॅमिनेशन करून आणलं.
बाबांनी चष्मा न लावताच
कागदावरून बोट फिरवलं, कडेपर्यंत नेलं, थांबले.
‘बरं झालं,’ म्हणाले,
‘आता तुझा टेप कोण धरणार?’