चोविसावा फ्लॅग

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरच्या माडीत
मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहिते.
उसाच्या ट्रॉल्या, गुळाचे रवे, वाळूचे डंपर,
सगळ्यांचं ओझं एकाच कोडातून जातं.
संगणक मात्र ज्याचा त्याचा:
कागलला नवाकोरा,
मुरगूडला मालकाच्या मेव्हण्याने टाकून दिलेला,
गडहिंग्लजचा तर चालू करताना
कुशीत एक चापट मारावी लागते.
आणि प्रत्येकाच्या पोटात
कंपायलर वेगळ्या वयाचा.

मला इशारे हवेत. भरपूर हवेत.
न वापरलेला चल, झाकलं गेलेलं नाव,
टनाचे किलो होताना गळून पडणारं
आकड्याचं शेपूट,
जे खटकेल ते वेळेत सांग.
पण प्रत्येक इशारा मागायचा फ्लॅग निराळा,
आणि तो सगळ्यांनी ऐकलेला नसतो.
'अनोळखी पर्याय' म्हणतो एखादा जुना
आणि भरल्या कामावरून उठून जातो.

म्हणून स्क्रिप्ट आधी विचारते.
एक इवलीशी फाईल करते,
आत फक्त मेन, मेनच्या आत काही नाही,
शून्य परत.
ती पुढे ठेवायची, सोबत एकच फ्लॅग,
आणि बघायचं, गिळतो की थुंकतो.
मग फाईल पुसायची. पुढचा फ्लॅग.
तेवीस वेळा.

कागलच्या नव्याने तेवीसच्या तेवीस मान्य केले.
मी खुशीत चहा सांगितला.
मग गंमत म्हणून विचारलं,
'शेजारच्या म्हशीबद्दल इशारा' देतोस?
तोही मान्य!
काहीतरी पुटपुटला होता खरा,
पण जाताना हातावर शून्यच ठेवून गेला,
आणि स्क्रिप्ट फक्त हात बघते.

खाली भूपाल मगदुमांकडे एक पोरगा होता, सुकुमार.
"समजलं काय रं?" "होय."
"मापात निघंल न्हवं?" "होय."
तीन बुशिंगं भंगारात गेली तेव्हा
अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले,
"आजपासनं न समजता होय म्हणलास
तर त्या होयचा रोज कापणार."
दुसऱ्या दिवशी सुकुमारने सात वेळा विचारलं.

मीही तेच केलं.
राजाराम बंधाऱ्यावर
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका;
मी मधले चार फूट काढून टाकले.
इशारा म्हणजेच चूक,
फक्त ही विचारपूस होईपर्यंत.
खऱ्या बिल्डमध्ये ते चार फूट परत ठेवते:
उद्याच्या कुठल्या कंपायलरला
काही नवंच खटकलं
म्हणून कुणाचा काटा बंद पडू नये,
ट्रॉल्या रस्त्यात उभ्या राहू नयेत.

गडहिंग्लजचा आणखी वेगळा.
'अमका इशारा देऊ नकोस' म्हटलं
की गुमान मान हलवतो,
असा इशारा जन्मात ऐकलेला नसला तरी.
आणि महिन्यांनी, भलत्याच तक्रारीच्या भरात
बोलून टाकतो:
तेव्हाचं ते मला कळलंच नव्हतं.

खानावळीच्या शालनअक्का म्हणतात,
पाहुण्याला 'रस्सा नको न्हवं?' असं इचारू ने.
नकोच म्हणणार त्यो, लाजंनं.
'वाढू काय?' म्हणावं, आन् पळी हातात धरावी.
तशी आता मी सरळ विचारते,
हा इशारा देतोस का?
देतो म्हणाला, तरच पुढचं:
मग तो देऊ नकोस.

रात्री साडेआठ.
कागल एकवीस, मुरगूड चौदा, गडहिंग्लज नऊ.
नऊ तर नऊ.
खाली अण्णा दिवसाची कास्टिंगं
हातोडीने वाजवून बघतायत.
टण्ण. टण्ण. टण्ण. बद्द.
मी जिन्यातून विचारते, खडूने काय लिहिलंत?
"तारीख. सकाळी कोण तरी चांगलं समजून
परत उचलाय नको."

वर येऊन मी यादीच्या तळाला
एक ओळ कायमची ठेवते.
चोविसावा: शेजारची म्हैस.
हिला जो होय म्हणेल
त्याचे आधीचे तेवीस
मी धरत नाही.