नांगर उचलायची जागा

इथे समुद्र होता, असं वीब्रन सांगतो
तेव्हा तो बुटाच्या टाचेनं ढेकूळ फोडत असतो.
त्याच्या जन्माआधी पंपांनी पाणी उपसलं,
तळ निघाला, तो सरकारनं वाटून दिला,
पट्टीनं आखलेले चौकोन.
त्याच्या बापाला मिळालेल्या चौकोनात
नांगराचा एक तास जरा वाकडा जातो.

वरून काढलेल्या जुन्या फोटोत टेट्येला तो दिसला होता:
सरळ तास, सरळ तास, मग एक बाक,
झोपलेल्या कुणाला वळसा घालून गेलेला,
मग पुन्हा सरळ.
"बाबा तिथे नांगर उचलायचे," वीब्रन म्हणाला.
"का, ते बोलले नाहीत. मीही उचलतो."

माझं काम चाळणीचं.
पाण्याचा पाइप, जाळी, निळसर चिकणमाती.
मोठं ते क्रेन घेते: इंजिन, चाकाचा पाय,
पंखाचा पत्रा, पत्रासारखा
चुरगळून कुणी खिशात कोंबलेला.
माझ्याकडे येतं ते उरलेलं.
कंगव्याचे चार दात.
दोन्ही बाजूंनी टोक केलेली पेन्सिल.
हातमोज्याचं एक बोट, आणि ते रिकामं आहे ना
हे बघायला टेट्ये डॉक्टरांना हाक मारते.
तेवढा वेळ पाइप बंद. कुणी बोलत नाही.

ऐंशी वर्षांनी पेट्रोलचा वास येतो, अगदी ताजा.
पहिल्या दिवशी मी वळून पाहिलं होतं,
कुणी गाडी चालू ठेवली म्हणून.

टेट्येच्या फाइलला अकरा वर्षं झाली.
वेल्समधल्या एका खेड्यातून ग्वेनलियन लिहिते,
शेपटाकडच्या तोफेवर बसणाऱ्या एमरिसची बहीण,
तो गेला तेव्हा सहा वर्षांची, आता नव्वदीला टेकलेली.
दर नाताळला कार्ड: काही लागलं का हाताला?
एकदा तिनं एक बटण पाठवलं,
घरी राहिलेल्या त्याच्या शर्टाचं,
जुळवून बघायला.
ते माझ्या डबीत आहे.
कशाशी जुळवायचं, मला कळलं नाही.

चौथ्या गुरुवारी इंजिनाची पाटी निघाली.
मी दात घासायच्या ब्रशनं घासली.
पाच आकडे. चार बरोबर.
"आणि हा तीन," मी ओरडलेच.
"झिजलेला आठ तीनच दिसतो," टेट्ये म्हणाली
आणि पाटी उन्हात तिरपी धरली.
डावीकडून दोन अर्धे गोल हळूच वर आले.
दुसरं विमान.
दुसरी सात माणसं.
त्यांची फाइल आमच्याकडे नव्हतीच.
त्यांच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री टेट्येनं पत्र चारदा लिहिलं.
"दुर्दैवानं" लिहिलं, खोडलं:
सापडलेल्यांच्या घरी हे वाचलं तर?
"सुदैवानं" तर हातून उतरेना.
शेवटी नुसते दोन आकडे लिहिले, एकाखाली एक,
आणि खाली: बटण परत पाठवते आहे.

बटण जाण्याआधीच उत्तर आलं, थरथरत्या अक्षरात:
आधी त्या सातांच्या घरी कळवा.
आमचं काय, आम्हाला वाट बघता येते.
बटण राहू दे तिकडेच.
समुद्र अजून बराच उपसायचा आहे ना?

सातांपैकी पाच मिळाले.
खड्डा बुजवला, वरची माती वर,
खालची खाली, जशी होती तशी.
वसंतात वीब्रननं तास धरला
आणि पहिल्यांदाच सरळ गेला.
कालव्याच्या टोकाला ट्रॅक्टर थांबवून उतरला,
मागे बघत राहिला.
"नक्की कुठे होतं गं?"
मलाही सांगता येईना.
सगळे तास सारखे, ओले, चकाकणारे.
कालव्यापासून एक्केचाळीस पावलं, बाबा म्हणायचे,
म्हणत तो मोजत निघाला, भिजल्या मातीतून,
बापापेक्षा वीतभर उंच,
आणि एक्केचाळिसाव्या पावलाला
थांबून खाली पाहू लागला,
पुढे यावं का मागे जावं, न कळून.